सहाचं व्याख्यान, पावणेसातचा वक्ता : नागपुरातल्या एका व्याख्यानमालेचं प्रकरण

नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागाने शहरातल्या लोकांसाठी संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली होती. महिन्यातून एक, दुसऱ्या शुक्रवारी, सायंकाळी ६ वाजता, प्रवेश सर्वांना मोफत. दोन वर्षं माला चालली आणि मग ती बंद करावी असा सूर विभागातूनच निघाला. कारण एका वाक्यात सांगितलं गेलं : “गावातून कोणी येत नाही.” बंद करण्याआधी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून चार जणांची समिती नेमली, तिच्यात विभागाबाहेरचा माणूस म्हणून मी होतो. नागपुरात विद्यापीठं आता एकाहून जास्त आहेत. त्यातलं हे कोणतं ते सांगत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या बऱ्याच आवारांत जसंच्या तसं सापडेल.

“कोणी येत नाही” हे वाक्य मला सुरुवातीपासून खटकलं. या शहराला ऐकायची सवय नाही असं म्हणणाऱ्याने हिवाळ्यात इथे एक महिना राहून बघावं. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, तो १९२३चा. गणपतीत आणि शारदोत्सवात वस्त्यावस्त्यांत व्याख्यानं ठेवतात आणि लोक सतरंजीवर बसून ती ऐकतात. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथली खरेदी पाहून पुण्यामुंबईचे प्रकाशक चाट पडतात. म्हणजे श्रोता आहे. तो या एका सभागृहात का पोचत नव्हता, एवढाच प्रश्न होता.

मुळात ही कल्पना काही नवी नाही. केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीमुळे १८७३ मध्ये गावोगावी व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. कामगार, शिक्षिका, दुकानदार यांच्यापर्यंत विद्यापीठ पोचावं हा हेतू. आपल्याकडे न्या. रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ची. मुंबई आणि पुणे विद्यापीठांची बहिःशाल व्याख्यानं मराठी वाचकाला ठाऊक आहेत. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात तर आजीवन अध्ययन व विस्ताराचं काम बघायला स्वतंत्र मंडळाचीच तरतूद आहे. तेव्हा ‘हे आमचं काम नाही’ असं कुठलंही सरकारी विद्यापीठ म्हणू शकत नाही, आणि या विभागाचंही तसं म्हणणं नव्हतं. त्यांना काम करायचं होतं, पण ते जमत नव्हतं.

डिसेंबरातली एक संध्याकाळ

समितीने कागद नंतर चाळायचे आणि आधी एक व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघायचं असं ठरवलं. विषय होता ‘नागपूरच्या जमिनीखाली’. वक्ते निवृत्त भूवैज्ञानिक, बोलण्यात मुरलेले.

डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सहाला आवारात चांगलाच अंधार होता. फाटकावर चौकीदार प्रत्येकाला विचारत होता, “कुठं जायचं जी? कोणत्या डिपार्टमेंटचे?” विद्यार्थी ओळखपत्र दाखवून आत जात. बाहेरच्याला वहीत नाव, पत्ता, मोबाइल आणि ‘कोणाला भेटायचे’ हे लिहावं लागे. व्याख्यानाला आलेला माणूस कोणाला भेटायला आलेला असतो? आमच्यासमोर एका आजोबांनी त्या रकान्यात ‘भाषण’ असं लिहिलं. चौकीदार म्हणाला, “भाषण पोरायचं आहे काका.” आजोबांनी हुज्जत घातली म्हणून ते आत आले. हुज्जत न घालता परत गेलेले किती, हे कुठल्याच वहीत नसतं.

सभागृहात पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या, पाठीवर पांढरे टॉवेल, ‘मान्यवरांसाठी राखीव’. मधल्या सगळ्या रांगांत पदवीचे विद्यार्थी, त्यांच्यातून हजेरीचा कागद फिरत होता. गावातली माणसं मागच्या खुर्च्यांवर. सहा वाजता व्यासपीठ रिकामं होतं, कारण पाहुणे विभागप्रमुखांच्या खोलीत चहा घेत होते आणि अध्यक्ष यायचे होते.

ते सव्वासहा उलटून गेल्यावर आले. मग दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्याने वात धरेना, तेव्हा पंखे बंद करायला कोणीतरी पळालं. स्वागतगीत झालं. पाच जणांचं स्वागत रोपटी देऊन झालं (हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोपटं देतात, ते बरंच आहे) आणि प्रत्येक रोपट्यागणिक फोटोसाठी थांबणं आलं. प्रास्ताविकात विभागाचा इतिहास आला. परिचयात वक्त्यांचे शोधनिबंध, त्यांनी भूषवलेली पदं, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, सगळं कागदावरून वाचून दाखवलं. वक्ते माइकसमोर उभे राहिले तेव्हा पावणेसात झाले होते.

आणि ते काय बोलले! सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या बेसॉल्टची आहे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पसरला, त्याची पूर्वेकडची कड नागपुरात येऊन संपते. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा पट्टेदार खडक, आणि उत्तरेला कामठीकडे गोंडवन काळातला वालुकाश्म. एका शहराखाली तीन वेगवेगळी युगं! ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण रोज बघतो ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसाराला आले होते, पण इथले दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले आणि १८५५ मध्ये सहकारी हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनला छापला. वक्त्यांनी टेबलावर चार दगड आणून ठेवले होते. एका वालुकाश्मावर ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झालेल्या वनस्पतीच्या पानाचा ठसा होता, मधली शीर बोटाला लागेल इतका ठसठशीत.

ते दगड कोणाच्या हातात गेलेच नाहीत. साडेसातच्या आत वक्त्यांपुढे चिठ्ठी आली. त्यांनी भराभर शेवटच्या स्लाइड्स पळवल्या. मग अध्यक्षीय समारोप. त्यात दगडांविषयी काहीही नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणाविषयी बरंच होतं. “वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत” असं सूत्रसंचालिकेने जाहीर केलं, आभार झाले, राष्ट्रगीत झालं.

त्यानंतर जे घडलं ते बघायला समितीतले आम्ही दोघेच थांबलो होतो. मागच्या खुर्च्यांवरची वीस-पंचवीस माणसं पुढे सरकली आणि टेबलाभोवती गोळा झाली. एक गृहस्थ म्हणाले, “सर, आमच्या लेआउटमध्ये माझ्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागलं, अन् शेजारच्याची साडेतीनशे फूट कोरडी गेली. असं काऊन?” वक्ते खुलले. बेसॉल्ट हा एकसंध ठोकळा नसतो, त्यांनी सांगितलं. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असतात. थराचा मधला भाग घट्ट आणि कोरडा, वरचा भाग सच्छिद्र. पाणी मिळतं ते त्या सच्छिद्र पट्ट्यात, दोन थरांच्या सांध्यात किंवा भेगेत. शेजारच्याच्या छिद्राला भेग लागली नाही, इतकंच. मग पूर्व नागपुरातल्या एका बाईंनी तिकडच्या दगडाचं विचारलं. ग्लॉसोप्टेरिसचं पान हातोहात फिरू लागलं. तेवढ्यात मागचे दिवे गेले. शिपाई दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. त्याचा काही दोष नव्हता. त्याची ड्युटी आठला संपत होती.

हजेरीच्या कागदावर नसलेली माणसं

दुसऱ्या दिवशी दोन वर्षांची फाइल उघडली. प्रत्येक व्याख्यानाचा अहवाल, फोटो, उपस्थितांची यादी, सगळं व्यवस्थित. यादीत रकाने तीन : नाव, वर्ग, रोल नंबर. ज्याला रोल नंबर नाही त्याच्याकडे तो कागद कधी गेलाच नव्हता. त्यामुळे अहवालात ‘नागरिक’ या ओळीपुढे बहुतेक वेळा रेघ मारलेली. ‘गावातून कोणी येत नाही’ हे वाक्य या रेघेतून जन्मलं होतं.

असं का व्हावं? हा कोणाचा लबाडपणा नव्हता. विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विस्तारकार्य मोजलं जातं. त्यासाठी पुरावा लागतो : अहवाल, स्थळ-वेळ नोंदवलेले फोटो, किती विद्यार्थी सहभागी झाले त्याची संख्या. विद्यार्थ्यांची संख्या मोजायला सोपी, म्हणून विद्यार्थी आणले. बोअरवाले गृहस्थ कुठल्या तक्त्यात बसवायचे हे कारकुनाला कोणी सांगितलंच नव्हतं. जे मोजायचं ठरलं तेच दिसत राहिलं, आणि ज्यांच्यासाठी माला काढली ती माणसं कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती.

समारंभाचं काय करायचं, यावर समितीत वाजलं. पहिली सूचना सरळ होती : दीपप्रज्वलन, रोपटी, समारोप सगळं कापा. विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, “आणि सभागृह कोण देणार?” त्यांचं म्हणणं मला तेव्हा निव्वळ सबब वाटलं, पण फाइलीतून साखळी दिसत गेली. मोठं सभागृह प्रशासनाच्या ताब्यात. ते आणि मानधन मिळायला वरची सही लागते. सही करणाऱ्याला अध्यक्ष म्हणून बोलावणं हा रिवाज. अध्यक्ष आले की रिकाम्या खुर्च्या हा त्यांचा अपमान, म्हणून वर्ग उठवून आणायचे. वर्ग आणले की हजेरी आणि प्रमाणपत्र आलं. आणि अध्यक्ष आहेत म्हणजे ते बोलणारच, मग वेळ जायचा तो वक्त्याचा आणि प्रश्नांचा. म्हणजे एकेक विधी कापत बसण्यात अर्थ नव्हता. सगळी साखळी एकाच खिळ्याला टांगलेली होती, आणि तो खिळा होता मोठं सभागृह.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेची शुक्रवारची व्याख्यानं मायकेल फॅरेडेंनी १८२५ मध्ये सुरू केली. तिथे आजवर चालत आलेली रीत अशी की ठोक्याला वक्ता आत येतो, कोणीही त्याचा परिचय करून देत नाही, नमस्कार-चमत्कार नाही, पहिलं वाक्यच विषयाचं. तासाच्या ठोक्याला भाषण संपतं. वक्ता ऐनवेळी पळून जाऊ नये म्हणून त्याला आधी खोलीत बंद करण्याची प्रथा आहे, तिच्यामागे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन पळाल्याची आख्यायिका सांगतात. समितीत मी हे सांगितलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, “आपल्याकडे वक्ता पळत नाही, श्रोता पळतो.” समारंभ त्यांच्याकडेही भरपूर आहे, पोशाखापासून. फरक इतकाच की तिथला समारंभ घड्याळापुढे मान तुकवतो.

आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. राज्य सरकारने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा झाली. नागपूर हे सरकारी कचेऱ्यांचं शहर. शुक्रवारी सहाला व्याख्यान ठेवणं म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या साऱ्या बाबूलोकांना ‘येऊ नका’ म्हणणंच. त्यात शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निम्मे लोक वर्धा, भंडारा, उमरेडच्या गाडीत बसलेले असतात.

तिसरं वर्ष

व्याख्यान सभागृहातून विभागाच्या स्वतःच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या जुन्या वर्गात आणलं. बाकं लाकडी, ऐंशीएक माणसं बसतील अशी. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे अध्यक्ष लागले नाहीत. मालेचं उद्घाटन आणि समारोप मात्र मोठ्या सभागृहात, रीतसर दिवा-रोपट्यांसह ठेवले. मानधनाची एकत्रित मंजुरी तिथेच घेतली. मधल्या व्याख्यानांच्या वेळी वक्त्याचा सत्कार विभागप्रमुखांच्या खोलीत चहाबरोबर उरकायचा. परिचय पत्रकाच्या मागे छापायचा. वार गुरुवार, वेळ सायंकाळी ७. पन्नास मिनिटं भाषण, पुढे अर्धा तास प्रश्न. बोलणं मराठीत, आणि स्लाइडवरची शीर्षकंही मराठीत. प्रश्न हिंदीत आला तर उत्तर हिंदीत. फाटकावरच्या वहीत त्या दिवसापुरता ‘व्याख्यान’ असा शिक्का. दाराशी एक साधी वही, रकाने दोन : नाव आणि वस्ती. वर्गांची हजेरी बंद.

पहिल्याच गुरुवारी चाळीसेक माणसं आली. जे सभागृह दोन वर्षं भरलेलं बघितलं होतं त्याच्या मानाने हे फारच ओकंबोकं दिसत होतं. एक ज्येष्ठ प्राध्यापक जाताना “पडलं की हो तुमचं” म्हणून गेले. पण वहीत मानेवाडा, जरीपटका, महाल, प्रतापनगर अशा वस्त्या होत्या, आणि प्रश्न अर्ध्या तासात संपले नाहीत.

खरी रंगत आली ती फेब्रुवारीत, उन्हाळ्यावरच्या व्याख्यानाला. वक्त्यांनी उष्णतेच्या लाटेचे हवामान खात्याचे निकष सांगितले : मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक चढलेलं हवं. किंवा मग ४५ अंश गाठले की सरासरी बघायची गरज नाही. नागपूरची मेमधली सरासरीच इतकी चढी की ४४ अंशाचा दिवस इथे ‘लाट’ ठरत नाही. वर्गात एकदम गलका झाला. “म्हणजे आम्ही भाजून निघतो ते नॉर्मल?” वक्त्यांनी २३ मे २०१३चा ४७.९ अंशांचा आकडा काढला, तेव्हा बहुतेकांना तो दिवस आठवत होता.

मग कूलर. हा विषय नागपूरकराला द्यायचा आणि बाजूला व्हायचं! जूनमध्ये कूलर का चिकचिक करतो? वक्त्यांनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. मेमधली हवा कोरडी, तट्ट्यांतलं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेतं. पावसाआधीच्या दमट हवेत पाणी उडायला जागाच नाही, म्हणून कूलर नुसता वारा आणि ओल फेकतो. “तर जूनमध्ये पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, आणि मेमध्येसुद्धा समोरची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर जाऊ द्या.” तट्ट्या बदलून देण्याचा धंदा करणारा एक जण मागून उठला आणि वुडवूल, खस आणि हल्लीची जाळीदार पॅडं यांत कोण किती पाणी धरतं हे त्याने दहा मिनिटं सांगितलं. वक्ते बाकावर बसून टिपून घेत होते. मोठ्या सभागृहात हा माणूस उठला नसता. तिथे त्याच्यापर्यंत माइक पोचला नसता आणि पोचला तरी त्यात बोलायचा त्याला धीर झाला नसता.

जे बिघडलं

वेळ सातची केल्याने एक नुकसान झालं, आणि ते लहान नाही. वसतिगृहातल्या मुली येईनाशा झाल्या. त्यांचं फाटक आठला बंद होतं. सहाच्या व्याख्यानाला त्या सक्तीने का होईना येत. भंडाऱ्याकडची एक विद्यार्थिनी समितीला म्हणाली, “सर, आधी हजेरीसाठी यायचो, कंटाळा यायचा. पण चांगलं कधीकधी त्यातूनच हाती लागायचं. आता चांगलं आहे तर आम्हाला यायलाच मिळत नाही.” वॉर्डनला दर वेळी नावांची यादी पाठवून उशिराची परवानगी घ्यायची असा मार्ग निघाला. तो मला पटलेला नाही. ऐकायला जायचं म्हणून चार दिवस आधी नाव द्यावं लागणं, तेही फक्त मुलींना, ही त्या फाटकावरच्या वहीचीच दुसरी आवृत्ती आहे. समितीने साडेसहाचा पर्याय सुचवला होता. कचेरीतून सव्वासहाला सुटणारा माणूस तोवर पोचत नाही म्हणून तो मागे पडला. दोघांपैकी एकाला निवडायचं असेल तर विद्यापीठाने आपल्या विद्यार्थिनीला निवडावं असं माझं मत मी नोंदवलं आहे. ते अल्पमतात गेलं.

ज्येष्ठांचा आक्षेप वेगळा होता : हजेरी काढल्यावर विद्यार्थी कमी झाले, मग विभागाला यातून काय मिळालं? याला उत्तर देणं अवघड नव्हतं, कारण जे आठ-दहा विद्यार्थी येऊ लागले ते प्रश्न विचारत होते. बोअरवाल्या गृहस्थांच्या लेआउटमधल्या विहिरी आणि बोअर नकाशावर मांडायचं काम पदव्युत्तरच्या दोघांनी प्रकल्प म्हणून घेतलं; गृहस्थांनी शेजाऱ्यांची दारं त्यांना उघडून दिली. नॅकसाठीही ही नोंद शंभर सह्यांच्या कागदापेक्षा वजनदार आहे, हे गुणवत्ता कक्षाने स्वतःहून कळवलं. वर्तमानपत्रात मात्र फोटो येणं थांबलं. व्यासपीठावर मान्यवरांची रांग नसली की छायाचित्रकाराला काय टिपावं ते कळत नाही, आणि बातमी आतल्या पानावरच्या दोन ओळींत जाते.

माला चालू आहे. एप्रिलपासून परीक्षा आणि उन्हाळा, म्हणून ती मार्चला थांबते. ती मेमध्येही, रात्री आठला, गच्चीवर घ्यावी अशी मागणी वहीतच कोणीतरी लिहून ठेवली आहे. विभाग त्याला तयार आहे. अडकलं आहे ते शिपायावर. आठनंतर थांबण्याचा त्याचा अतिकालिक भत्ता यंदा विभागप्रमुखांनी किरकोळ खर्चातून भागवला. पुढच्या वर्षी तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, अशी विचारणा वित्त विभागाकडे गेली आहे. दोन स्मरणपत्रं झाली.